‘समाधानी आहात का?’ या रकान्यात काय लिहू

आमच्याकडे अधूनमधून एक फॉर्म येतो. वर ‘कर्मचारी कल्याण’ असं काहीतरी छापलेलं असतं आणि खाली प्रश्न : आपण आपल्या कामाबाबत कितपत समाधानी आहात? एक ते पाचपैकी एका आकड्यावर खूण करा. माझ्या गाडीवरचे ड्रायव्हर, त्यांना मी दादाच म्हणते, सगळ्या प्रश्नांना तीनवर खूण करून मोकळे होतात. एक लिहिलं तर साहेब केबिनमध्ये बोलावतात, पाच लिहिलं तर जास्तीची ड्यूटी लावतात, असं त्यांचं शास्त्र आहे. यात तथ्य नाही असं मला छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

माझं घोडं मात्र त्या पहिल्याच प्रश्नाशी अडतं. मी अँब्युलन्सवर काम करते, बरीच वर्षं झाली. हे काम मला मनापासून आवडतं. आणि हेच काम मला पार पिळून काढतं. दोन्ही वाक्यं एकाच शिफ्टमध्ये खरी असतात, कधीकधी एकाच कॉलमध्ये. पाच आणि एकची सरासरी तीन येते हे खरं, पण दादांचं तीन आणि माझं तीन यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि फॉर्म वाचणाऱ्याला तो कधीच कळणार नाही.

एका प्रशिक्षणात फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं काम सांगितलं होतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं, की कामावर सर्वांत छान कधी वाटलं आणि सर्वांत वाईट कधी वाटलं. १९५९ मध्ये त्यांनी मांडलं ते असं, की समाधान देणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि असमाधान देणाऱ्या वेगळ्या. समाधान येतं ते खुद्द कामातून : काहीतरी जमलं, कुणी त्याची दखल घेतली, जबाबदारी मिळाली. असमाधान येतं ते कामाच्या भोवतालातून : धोरणं, वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाची परिस्थिती. एका बाजूची भर घालून दुसऱ्या बाजूची तूट भरून निघत नाही. या सिद्धांतावर पुढे पुष्कळ टीका झाली. माणूस चांगल्याचं श्रेय स्वतःला घेतो आणि वाइटाचं खापर दुसऱ्यावर फोडतो, म्हणून मुलाखतीत अशी उत्तरं येणारच, असं टीकाकार म्हणाले. म्हणू देत. अँब्युलन्सवर बसून मला तरी ही दोन खाती अगदी स्पष्ट दिसतात.

आधी असमाधानाचं खातं.

लोकांना वाटतं आम्हाला रक्ताचा त्रास होतो. अँब्युलन्सवर काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘बाई गं, ते सगळं बघवतं कसं?’ बघवतं. सगळ्यांना सगळंच बघवतं असं नाही, आणि काही केसेस कायमच्या डोक्यात घर करतात, ते वेगळं. पण रोजच्या रोज जीव कशाने जातो म्हणाल तर कॅज्युअल्टीच्या दारात उभं राहून.

पेशंट आपल्या स्ट्रेचरवर असतो. आत बेड नाही. जोवर आतले डॉक्टर पेशंट ताब्यात घेत नाहीत तोवर जबाबदारी आमची. ऑक्सिजन चालू असतो आणि छोट्या सिलिंडरचा काटा डोळ्यांदेखत खाली सरकत असतो. दर थोड्या वेळाने मी बीपी बघते, लिहिते, पुन्हा बघते. नातेवाईक आधी आतल्या दाराकडे बघतात आणि मग माझ्याकडे. बेड मी लपवून ठेवलाय असं त्यांच्या नजरेत असतं. तेवढ्यात कंट्रोल रूमचा फोन : ‘रिकामे झालात का? पुढचा कॉल होल्डवर आहे.’ नाही झालो. ‘किती वेळ?’ ते मला कसं माहीत असणार! आतल्या सिस्टरही काही मुद्दाम करत नसतात. त्यांच्याकडे एकेका माणसावर तिघांचं काम असतं. कुणावर चिडावं हेच कळत नाही, आणि मग आपण दादांवर चिडतो, गाडी नीट लावली नाही म्हणून.

कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये एक साधी मांडणी केली होती. कामाची मागणी जास्त असली म्हणजे माणूस लगेच मोडत नाही. मागणी जास्त आणि स्वतःच्या हातात निर्णय कमी, या जोडगोळीने मोडतो. आमचं काम या मांडणीत मजेशीर बसतं. गाडीच्या आत, दरवाजा बंद झाला की, मी राजा. कुठलं औषध, श्वासनलिका मोकळी कशी ठेवायची, थांबायचं की निघायचं, हे सगळं प्रोटोकॉलच्या चौकटीत का होईना, मी ठरवते. तो ताण मला पेलतो, किंबहुना तोच आवडतो. दरवाजा उघडला की माझ्या हातात काहीही नाही. घरी कधी जाणार, कधी जेवणार, लघवीला कधी जाणार. पुढच्या महिन्याचं रोस्टरही नाही आणि शिफ्ट संपायला दहा मिनिटं असताना येणारा कॉलही नाही. पुढे १९८८ मध्ये जॉन्सन आणि हॉल या संशोधकांनी या मांडणीत तिसरी गोष्ट जोडली : सोबतच्या माणसांचा आधार. मागणी जास्त, अधिकार कमी आणि त्यात एकटं, ही सर्वांत वाईट अवस्था. दादा सुट्टीवर गेले आणि कुणी अनोळखी ड्रायव्हर बदलीवर आला की मला हे गणित न वाचताच कळतं.

आणि झोप. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण यावर सर्वांत कमी बोललं जातं. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची हात-डोळ्यांच्या समन्वयाची चाचणी घेतली, तर ती रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाच्या पातळीवर उतरली. अनेक देशांत गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादाच तेवढी आहे. चोवीस तासांनंतर तर परिस्थिती आणखी बिघडते. आता आमची डबल ड्यूटी आठवा. पहाटेच्या वेळी दादा सायरन लावून गाडी हाणतायत आणि मागे मी मुलाच्या वजनावरून औषधाचा डोस काढतेय. दारू पिऊन कुणी ड्यूटीवर आला तर त्याची नोकरी जाईल, आणि जायलाच हवी. त्याच अवस्थेत झोपेविना आला तर ‘अडचणीच्या वेळी सहकार्य केल्याबद्दल’ आभार मानले जातात.

रात्रपाळीचं दीर्घकाळचं दुखणं वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या पाळ्यांना ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तोच निर्णय कायम ठेवला. पाळ्या बंद करता येणार नाहीत, हे मलाही कळतं. माणसं रात्री आजारी पडतातच. पण सकाळ, मग नाइट, मग परत सकाळ असं रोस्टर लावणं हे काही निसर्गाने सांगितलेलं नाही. ते कुणीतरी एक्सेलमध्ये बसून केलेलं असतं.

कंट्रोल रूममधल्या मंडळींचं नाव अशा चर्चेत कुणी घेत नाही, म्हणून इथे घेते. फोनवर एखाद्या घाबरलेल्या मुलाला ‘दोन्ही हात छातीच्या मधोमध ठेव आणि जोरात दाब, मी मोजते’ असं सांगणारी मुलगी गाडी पोचली की फोन ठेवते आणि पुढचा उचलते. त्या घरात पुढे काय झालं हे तिला कधीच कळत नाही. आम्हाला निदान चेहरे तरी दिसतात.

आता तो फॉर्म ज्या शास्त्रातून आलाय त्याबद्दल. क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये बर्नआउट, म्हणजे कामाने माणूस आतून पार संपून जाणं, मोजण्याची बावीस वाक्यांची प्रश्नावली तयार केली. त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या मोजल्या. भावनिक थकवा. समोरच्या माणसाला माणूस म्हणून न बघणं. आणि आपल्या हातून काही भलं होतंय ही जाणीव आटणं. यातली दुसरी गोष्ट आमच्या बोलण्यात सहज दिसते. ‘तिसऱ्या मजल्यावरचं छातीत दुखणं’, ‘मघाचा ओव्हरडोस’. सवयीने असं बोलणं वेगळं, ते कामापुरतं असतं. माझे कान टवकारतात ते कुणी ‘आला परत तो नाटक्या’ म्हणतं तेव्हा. असं बोलणारा माणूस वाईट नसतो. बहुतेक वेळा तो कित्येक आठवडे नीट झोपलेला नसतो, एवढंच.

२०१८ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून केलेलं एक विश्लेषण आलं. त्यात अँब्युलन्सवर काम करणाऱ्यांपैकी सुमारे ११ टक्के लोकांमध्ये पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मनात घर करून राहणारा आघात), १५ टक्क्यांमध्ये नैराश्य, १५ टक्क्यांमध्ये चिंतेचा त्रास आणि २७ टक्क्यांमध्ये सर्वसाधारण मानसिक क्लेश आढळले. प्रशिक्षणात हे आकडे पडद्यावर आले तेव्हा आम्ही सगळे खाली बघत होतो. आकडा मोठा वाटला म्हणून नव्हे. त्या अकरा टक्क्यांत आपल्यातलं कोण, हे प्रत्येकाला माहीत होतं म्हणून.

याच प्रशिक्षणात पुढे दीर्घ श्वसन झालं. माझा श्वसनावर राग नाही, हात थरथरत असले की मी स्वतः ते करते. पण २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली तेव्हा ती आजार म्हणून नव्हे तर कामाशी निगडित घटना म्हणून केली. कामाच्या जागचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी. म्हणजे मूळ कामाच्या जागी आहे, असं मी तरी वाचते. मग उपाय फक्त माझ्या फुप्फुसांत का शोधायचा?

एका प्रकाराबद्दल मला फार तिडीक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, एका लहान मुलाच्या केसनंतर, आम्हाला सगळ्यांना गोलात बसवलं होतं. बाहेरून कुणी आले होते. एकेकाने सांगायचं : काय पाहिलं, काय वाटलं, सर्वांत वाईट क्षण कोणता. आमच्यात एक नवीन मुलगा होता. त्या दिवशी तो रस्त्यावर गर्दी आवरत होता, त्याने आतलं काहीच पाहिलं नव्हतं. त्या गोलात बसून त्याने सगळं ऐकलं, बारीकसारीक तपशिलासकट. न पाहिलेलं त्याच्या डोळ्यांसमोर आम्ही उभं केलं. पुढे महिनाभर तो गाडीच्या मागच्या भागात एकटा बसायला तयार नव्हता.

या पद्धतीचं मूळ जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या डीब्रीफिंगमध्ये आहे. मिचेल स्वतः अग्निशमन दलात आणि पॅरामेडिक म्हणून काम केलेले, म्हणजे हेतू आपल्या माणसांच्या भल्याचाच. पण २००२ मध्ये कॉक्रेन या, वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात दिसलं, की घटनेनंतर लगेच एकदाच घेतलेल्या अशा बैठकीने पीटीएसडी टळत नाही, आणि काहींना उलट अपायही होऊ शकतो. मिचेल यांची बाजू सांगायची तर त्यांची पद्धत गटासाठी होती, एका मोठ्या व्यवस्थेचा भाग होती, आणि आढाव्यातल्या बहुतेक चाचण्या एकेकट्या माणसांवरच्या होत्या. हा वाद मी सोडवू शकत नाही. पण आजच्या मार्गदर्शक सूचना सक्तीने बोलतं करण्याच्या बाजूने नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिकाही तेच सांगते : माणसाला सुरक्षित वाटू द्या, तहान-भूक बघा, आपल्या माणसांशी गाठ घालून द्या, बोलायचं असेल तर ऐका, बोलण्याची जबरदस्ती करू नका.

दादा हे कुठलंही पुस्तक न वाचता करतात. वाईट कॉलनंतर ते पाण्याची बाटली पुढे करतात आणि स्ट्रेचरच्या रुळाखालची खाच घासायला घेतात. त्या खाचेत सगळं जाऊन बसतं. रक्त, माती, काचेचा चुरा, फाटलेल्या पाकिटांचे तुकडे. पाइपने धुतलं तरी जात नाही. जुना टूथब्रश लागतो आणि गुडघ्यांवर बसावं लागतं. मी शेजारी बसून मॉनिटरच्या वायरी पुसते. ते म्हणतात, ‘ताई, आज तुम्ही घरी फोन करून घ्या.’ एवढंच. आठवड्याभराने, दुसऱ्याच कुठल्या विषयावर बोलताना, विचारतात : ‘झोप लागते ना?’ माझ्या मते हा आठवड्यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण त्या दिवशी सगळेच विचारतात.

आता दुसरं खातं. यात मला खरंच पाच लिहायचे असतात.

नवीन मुलं येतात ती जीव वाचवायला येतात. त्यांना मी पहिल्या आठवड्यातच सांगते, की वाचलेल्या जिवांवर समाधान मोजू नका, दिवाळं निघेल. दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी जगभरात साधारण दहातला एक, बऱ्याच ठिकाणी त्याहूनही कमी, चालत घरी जातो. म्हणजे तुम्ही सगळं अचूक करा, सीपीआर देताना छातीवर मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, दर दोन मिनिटांनी माणूस बदला, तरी बहुतेक वेळा माणूस जाणार आहे. मग मोजायचं काय? तर काम. दाब अचूक होते का. बदलताना खंड किती पडला. जिन्यावरून उतरवताना पेशंटचं डोकं कुठे आपटलं नाही ना. हे सुताराला असतं तसं समाधान आहे. सांधा बेमालूम बसला की त्यालाच कळतं, खुर्चीवर कोण बसणार याच्याशी त्याचा संबंध नाही.

आणि तरी काही कॉल असे असतात की सगळा शीण जातो. साखर कमी झालेला पेशंट हा त्यातला माझा सर्वांत लाडका. घरचे रडतायत, माणूस घामाने निथळलेला, हाक मारली तर ओ नाही. बोट टोचायचं, आकडा बघायचा, शीर शोधायची. थंड घामट हातावर शीर सापडणं ही स्वतंत्र कला आहे. चिकटपट्टी टिकत नाही, प्रकाश अपुरा, मागून कुणीतरी खांद्यावर वाकलेलं. सुई शिरेत गेली की बोटाला एक बारीकसा ‘टप्’ जाणवतो. ग्लुकोज हळूहळू सोडायचं. आणि मग, काही मिनिटांत, तो माणूस डोळे उघडतो आणि वैतागून विचारतो, ‘तुम्ही कोण? माझा शर्ट कुणी कापला?’ सगळं घर हसायला लागतं. वैद्यकशास्त्रात इतका रोख व्यवहार फार कमी ठिकाणी आहे.

पण बाकीच्या बहुतेक गोष्टी उधारीवर असतात, आणि ती उधारी कधी वसूल होत नाही. आम्ही पेशंट देतो, सही घेतो, निघतो. तो जगला की नाही, आपला अंदाज बरोबर होता की नाही, काही कळत नाही. मला वाटतं आमच्या कामातला सर्वांत दुर्लक्षित ताण हाच आहे. गोष्ट अर्धी सोडून उठायचं, रोज. ती मुलगी, मानेला पट्टा लावून दिली होती ती, चालते का? तो म्हातारा, ज्याच्या ईसीजीवर मला शंका आली होती, खरंच अटॅक होता का? कळलं असतं तर पुढच्या वेळी माझा हात अधिक पक्का झाला असता. शिकण्यासाठीच नव्हे, रात्री डोकं शांत राहण्यासाठीही ते हवं असतं.

आम्ही ज्या एका ठिकाणी पेशंट नेतो तिथल्या एका सिस्टरांनी हे ओळखलं. वरिष्ठांची परवानगी काढून त्या आठवड्यातून एकदा आमच्या केस नंबरांपुढे एकेक ओळ लिहून पाठवायला लागल्या. नाव नाही, गाव नाही. नंबर आणि ओळ. ‘अँजिओप्लास्टी झाली, घरी गेले.’ ‘दुसऱ्या दिवशी दगावले, मेंदूत रक्तस्राव.’ ‘फ्रॅक्चर नव्हतं.’ मला वाटलं होतं की वाईट बातम्या वाचून मुलं खचतील. झालं उलटंच. मेंदूतल्या रक्तस्रावाची ओळ वाचून आमच्यातला एकजण म्हणाला, ‘म्हणजे आपण काहीही केलं असतं तरी…’ आणि वाक्य अर्धवट सोडून जेवायला बसला. आठवडाभर तो नीट जेवला नव्हता, हे मला तेव्हा लक्षात आलं. या ओळींना खर्च शून्य आहे. सिस्टरांचा अर्धा तास, तोही त्या स्वतःच्या वेळातून काढतात, आणि त्यांची बदली झाली की हे बंद पडणार याची मला खात्री आहे, कारण ते कुठल्याच नियमात बसवलेलं नाही.

ते नियमात बसवा, ही माझी पहिली मागणी. दुसरी मागणी पंधरा मिनिटांची. जड कॉलनंतर गाडी पंधरा मिनिटं ‘उपलब्ध नाही’ दाखवायची. खाच घासायला, पाणी प्यायला, घरी फोन करायला. साहेबांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी ‘जड कॉल’ची यादी मागितली. बालमृत्यू, लांबलेला सीपीआर, सामूहिक अपघात, असं काहीतरी. मी यादी करायला बसले आणि जमेना. दादांना जो कॉल सर्वांत जड गेला त्यात कुणी मेलंच नव्हतं. एक वयस्कर गृहस्थ, घरात पडलेले, खुबा मोडलेला, आणि आम्ही उचलताना ते पुन्हा पुन्हा मुलाला म्हणत होते, ‘तू कामावर जा, मी ठीक आहे.’ दादांचे वडील असेच बोलायचे. ही केस कुठल्या यादीत घालू?

मी तसंच लिहून दिलं, की यादी होणार नाही, गाडीवरच्या माणसांना ठरवू द्या. गैरवापर होईल, असं उत्तर आलं. होईलही थोडा. दिवसभरात एखादी गाडी पंधरा मिनिटं जास्त थांबेल. कॅज्युअल्टीच्या दारात आम्ही रोज यापेक्षा कितीतरी जास्त थांबतो आणि त्याला कुणी गैरवापर म्हणत नाही, हे मी पुढच्या अर्जात लिहिलंय. दादांनी तो वाचला, ‘ताई, भाषा जरा जास्त झाली’ म्हणाले, आणि खाली सही केली.